ब्लास्टिंग कॅबिनेट घेण्याआधी कॉम्प्रेसर बघा

प्रश्न : जुन्या बुलेटचे सुटे भाग घरच्या गॅरेजमध्येच साफ करायचे आहेत. कॉम्प्रेसर 2 एचपीचा आहे. ब्लास्टिंग कॅबिनेट कोणतं घ्यावं?

उत्तर : बहुतेकांचं घोडं कॅबिनेटपाशी नाही, हवेपाशी अडतं. 2 एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण 6 ते 8 घनफूट हवा देतो. साध्या सक्शन गनलाही 80 पीएसआयला 10-12 घनफूट लागते. लहान नोझल लावून, टाकी भरायला मध्ये थांबत, ब्रॅकेट आणि झाकणं नक्की होतील. चेसिस मात्र बाहेरून करून घ्या. कॅबिनेट तुमचा सर्वांत मोठा भाग आत फिरवता येईल एवढं घ्या.

वाळू अजिबात वापरू नका. तिच्या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो आणि त्यात निकामी झालेली फुफ्फुसं पुन्हा पूर्ववत होत नाहीत. लोखंडाला गार्नेट, इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमला काचेचे मणी, तेही 40-50 पीएसआयवर. डस्ट कलेक्टर हवाच, दार उघडताना तोंडाला चांगला मास्कही.

पावसाळ्यात हवेतल्या पाण्याने मीडियाचे, म्हणजे गार्नेट-मण्यांचे, गोळे होतात, गन चोंदते. मॉइश्चर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटवून नको, कॅबिनेटजवळ लावा. हवा पाइपमधून थंड होत आली की पाणी सुटतं.

क्रँककेस करणार असाल तर तेलाच्या वाटा आधी रबरी बुचांनी घट्ट बंद करा. तिथे अडकलेले मणी बेअरिंग खातात. काम झाल्यावर साबणाच्या गरम पाण्याने धुवा, प्रत्येक भोकातून हवा मारा, मगच जुळवणीला घ्या.