पाणी कोण चढविते?

मु. गडमुडशिंगी

चि. बाबूस मामाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. वैशाखात विहिरीचे पाणी तळाला गेले म्हणजे पंप चालतो पण पाणी देत नाही, सबब ५ अश्वशक्तीची मोटर काढून १० ची बसवावी, असा जो सल्ला तू वसतिगृहातून मोठ्या अधिकारवाणीने धाडला आहेस, तो वाचून तुझ्या कळकळीचे कौतुक वाटले. मात्र पदार्थविज्ञानाचे पुस्तक उशाशी असता ते न उघडताच हुकूम फर्माविलास, हे काही बरे नव्हे.

पंप पाणी ओढतो ही समजूत प्रथम काढून टाक. पंपातला पंखा पाणी पुढे फेकतो, त्याच्या पाठीमागे दाब कमी होतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर भार टाकून बसलेले वातावरण ते पाणी नळीत वर ढकलते. वातावरणाचा हा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरतो, हे टॉरिचेलीच्या प्रयोगाने सतराव्या शतकातच दिसून आले. पाणी पाऱ्याहून सुमारे साडेतेरा पटींनी हलके, म्हणून त्याचा स्तंभ समुद्रकाठी फार तर १०.३ मीटर, आणि आपला मुलूख समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर असल्याने येथे त्याहूनही उणा. नळीतले घर्षण, वाकणे व फूट व्हॉल्व्हचा अडथळा वजा जाता ७ मीटर पदरात पडले तरी पुष्कळ. ही मर्यादा हवेने घातलेली असल्याने ५० अश्वशक्ती लाविलीस तरी ती हटणार नाही. पंपापासून पुढे पाणी वर चढविताना मात्र अश्वशक्ती खरोखर उपयोगी पडते. तेव्हा पंप खालच्या टप्प्यावर, पाण्याच्या निकट उतरविणे हाच इलाज. (आपला गडी नळीत शेणकाला ओततो त्याला हसत जाऊ नकोस, सांध्यांच्या फटी बुजून हवा आत शिरत नाही, एवढे शास्त्र त्याला अनुभवाने अवगत आहे.)

दाबाची करामत पाहायची तर राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तू पाहिलेच आहेस; तलाव भरला म्हणजे ते विजेवाचून पाण्याच्याच दाबाने उघडतात. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून, तलावाच्या विस्तारावर नव्हे, हे सूत्र तेथे उभे राहून एकदा ताडून पाहा.

मोठ्या मोटरीत दुसरा धोकाही आहे. आपल्या लांबलचक तारांतून अधिक प्रवाह गेला की विद्युतदाब आणखी उतरतो. पंपाचा भार तोच राहिल्याने मोटर प्रवाह वाढवून तूट भरून काढू पाहते, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने प्रवाह सव्वापट होताच ती दीडपटीहून अधिक होऊन वाइंडिंग जळते. स्टार्टर वारंवार पडतो म्हणून बटणात चिपाट खोवून ठेवणारे शहाणे आपल्या शिवारात आहेत. त्यांच्या पंक्तीला बसू नकोस.

सुटीत आलास म्हणजे दोर सोडून पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजून मला लेखी दे. तोवर सोसायटीकडे नव्या मोटरीसाठी कर्जाचा अर्ज करण्याची तजवीज मी तहकूब ठेविली आहे. कळावे, हे आशीर्वाद.