‘सेटिंग सगळं करून दिलंय’

फ्लिप फसली ती माझ्या अंगठ्यामुळे नाही. हे मला लिहायचंच होतं, कारण त्या रविवारी मैदानावरच्या आठदहा जणांनी अंगठ्यामुळेच फसली असं ऐकलं आणि अजून तसंच धरून चाललेत.

रिमोटवर उडणारी हेली, ४५० साइजची, ३२५ मिलिमीटरची कार्बनची पाती, सेकंडहँड. विकणारे काका आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत जुने. “सेटिंग सगळं करून दिलंय, बॅटरी लाव आणि उडव,” म्हणाले. रिमोटही त्यांचाच, त्यातलं मॉडेलही त्यांनीच भरलेलं. चार महिने मी हॉवर केलं, नाक स्वतःकडे ठेवून हॉवर केलं, वेगात नेऊन तीनचार लूपही मारले. रात्री जेवणं आटोपली की सिम्युलेटरवर फ्लिप. अर्धी फ्लिप, क्षणभर उलटी धरायची, मग उरलेली अर्धी. तिथे हात बसल्यावर काकांना आठवडाभर आधी सांगून ठेवलं, की येत्या रविवारी करतोय.

साठेक फूट उंची घेतली. आयडल-अप, म्हणजे स्टिक खाली गेली तरी मोटर वेगात ठेवणारा मोड, चालूच होता. एलेव्हेटर ओढला, हेली पालथी झाली, स्किड आभाळाकडे. मी डावी स्टिक खाली घेतली, आणखी खाली, पार तळाला टेकवली. हेली धरेचना. मोटरचा आवाज तसाच, पाती पूर्ण वेगात, आणि तरी ती खाली खाली येत राहिली. उरलेली अर्धी फ्लिप मारायला गेलो तोवर उंचीच उरली नव्हती.

काका आले, तुकडे पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “अरे, अंगठा घाबरला तुझा. उलटी झाली की स्टिक खाली घ्यायची असते.” मी म्हटलं, घेतली होती. ते हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून झोंबते.

घरी येऊन रिमोट उघडला. आयडल-अपचा थ्रॉटल कर्व्ह ठीक होता. मग पिच कर्व्ह उघडला: स्टिकच्या कुठल्या जागेला पात्यांचा किती कोन, ते तिथे ठरतं. डावं टोक शून्यावर हवं, ते ३६ वर! नॉर्मल मोडचाच कर्व्ह तिथे तसाच्या तसा. या हेलीला शून्य ते शंभर म्हणजे उणे ११ ते अधिक ११ अंश. ३६ म्हणजे जेमतेम उणे ३. हेली उलटी नुसती तरंगत ठेवायलाच उणे पाच-सहा लागतात. शाफ्ट बदलल्यावर पिच गेज लावून मोजलं, तेव्हाही तेच: वर ११, खाली ३. चार महिने हे कळलं कसं नाही? सुलट्या हॉवरला स्टिक मध्याच्या वरच असते. लूपमध्ये वेग असला की माथ्यावर उणे पिच जवळजवळ लागतच नाही. म्हणून लूप जमला म्हणजे सेटिंग बरोबर, असं कोणी समजू नका.

स्क्रीनचा फोटो काकांना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, “नवशिक्याला जास्त निगेटिव्ह धोक्याचं, म्हणून कमी ठेवलं होतं.” म्हणजे त्यांना माहीत होतं. आठवडाभर आधी मी सांगितलं तेव्हाही माहीत होतं, आणि अंगठ्यावर ढकललं तेव्हाही.

तर सेकंडहँड हेली कोणाचीही असो, आधी मोटरच्या वायरी काढा, रिमोट आयडल-अपमध्ये टाका आणि तळ, मध्य, वर अशा तिन्ही जागी पिच गेजने मोजा. मध्याला शून्य, वर-खाली सारखा आकडा. गेज फार महाग नसतो. पहिल्या फ्लिपआधी भरपूर उंचीवर, सुलट्या हेलीतच, स्टिक क्षणभर तळाला न्या आणि लगेच वर घ्या. हेलीने खाली सूर मारला पाहिजे. ती निवांत उतरायला लागली तर फ्लिप करू नका, उतरवा.

पडतेय हे कळलं की थ्रॉटल होल्ड मारून मोटर बंद करा. हे मी केलं नाही, ही चूक माझी, आणि मेन गिअरचे दात त्यामुळेच गेले. मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट, टेल बूम आणि दोन्ही पाती कशानेही वाचली नसती. बॅटरीला टायमर लावा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात. माणसांपासून लांब उडवा, हे मात्र मी पुन्हा सांगेन. एवढ्याशा हेलीच्या पात्यांची टोकंसुद्धा ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने फिरतात. मोठ्या हेलीने २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका १९ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. तो स्वतःच ती उडवत होता.

कर्व्ह सुधारल्यावर तिसऱ्या रविवारी माझी फ्लिप झाली, त्याच अंगठ्याने. काका तिथेच होते. मला त्यांच्याकडून पार्टचे पैसे नकोत. आठदहा जणांदेखत जे बोलले, ते त्याच आठदहा जणांदेखत मागे घ्यावं, एवढंच. अजून घेतलेलं नाही.