'तू कुठली गं?' : दोन संस्कृतींच्या मध्ये वाढणारी आपली मुले



आपल्या धर्मग्रामात असे घर क्वचितच सापडेल की ज्याचा एखादा मुलगा, जावई किंवा भाऊ परदेशी नाही. आखाती देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ही नावे आता आपल्या ओटीवर रोजची झाली आहेत. नोकरी, पगार, व्हिसा यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. मात्र तेथे वाढणाऱ्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या मनात काय चालले आहे, याविषयी फारसे बोलत नाही. आजचा पाठ त्या मुलांविषयी आहे आणि त्याची सुरुवात मी माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

एका लग्नातला प्रसंग

माझी मुलगी सहा महिन्यांची असताना आम्ही दुबईला गेलो. २००९ च्या मे महिन्यात आम्ही सुट्टीवर वसईला आलो, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. एका लग्नात नात्यातील एका मावशीने तिला कौतुकाने विचारले, "तू कुठली गं?" ती सहज म्हणाली, "दुबईची." मी तिला सर्वांसमोर टोकले, "दुबई नव्हे, वसई सांग!" लोक हसले, मीही हसलो. ती मात्र हसली नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ती हळूच म्हणाली, "पप्पा, तिथं सगळे मला इंडियन म्हणतात. इथं सगळे दुबईवाली म्हणतात. मग मी घरी असते ती नेमकी कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. "झोप आता, उद्या लवकर उठायचं आहे," एवढेच मी म्हणालो.

'तिसरी संस्कृती' म्हणजे काय?

माझ्या मुलीचा प्रश्न नवा नव्हता, हे मला पुढे वाचनातून कळले. १९५० च्या दशकात रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पती जॉन यांच्यासह आपली मुले घेऊन भारतात आल्या होत्या. येथे राहून काम करणाऱ्या अमेरिकन लोकांचा त्या दोघांनी अभ्यास केला. अशा कुटुंबांतील मुले पूर्णपणे अमेरिकन रीतीने वाढत नाहीत आणि पूर्णपणे भारतीय रीतीनेही वाढत नाहीत, असे त्यांना दिसले. आईवडिलांची पहिली संस्कृती, राहत्या देशाची दुसरी आणि या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्यांची आपसात तयार होते ती तिसरी. म्हणून या मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' हे नाव पडले. म्हणजे हा विचार आपल्याच देशात, परक्या मुलांकडे पाहून सुचला आणि आज तो आपल्याच मुलांना लागू पडतो.

आमच्या घरातली तिसरी संस्कृती कशी होती ते सांगतो. मुलगी शाळेत इंग्रजी बोले, अरबी हा विषय सक्तीचा होता, इमारतीतील मैत्रिणींशी हिंदी आणि आमच्याशी मोडकी मराठी. त्या काळी तेथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. मिस्सा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग शुक्रवारी. रविवार म्हणजे तिच्यासाठी शाळेच्या आठवड्याचा पहिला दिवस! (संयुक्त अरब अमिरातीत शनिवार-रविवारची सुट्टी २०२२ पासून सुरू झाली.) वसईला आल्यावर रविवारी सकाळी सारे गाव चर्चला निघालेले पाहून तिला नवल वाटे. हे तिचे अज्ञान नव्हते. तिचे बालपणच वेगळ्या घड्याळावर चालले होते.

कुमारवयातच हे का बोचते?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला आईवडील असतील तेथे घर असते. चौदाव्या वर्षी 'मी कोण?' हा प्रश्न डोके वर काढतो. या वयाविषयी मोलाचे लिखाण करणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी तो स्वतः भोगला होता. त्यांचा जन्म १९०२ साली जर्मनीत झाला. आई डेन्मार्कची ज्यू, सावत्र वडील जर्मन ज्यू. निळे डोळे आणि उंच बांधा यांमुळे ज्यू मंदिरात मुले त्यांना परका म्हणत, तर शाळेत ज्यू म्हणून चिडवत. १९३३ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे स्वतःची ओळख घडवणे हे कुमारवयाचे मुख्य काम आहे, असे त्यांनी मांडले.

आखाती देशांतील मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. तेथे जन्मले किंवा वाढले म्हणून परदेशी मुलाला नागरिकत्व मिळत नाही. बहुतेकांचा मुक्काम वडिलांच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि घरही जाते. मोठी माणसे हे हिशेबात धरून जगतात. मुले मात्र जेथे राहतात तेथे जीव लावतात.

चार वाटा

दोन संस्कृतींच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसापुढे चार वाटा असतात, असे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी सांगतात.

१. आपले सोडून सर्वस्वी तेथले होणे.
२. तेथले काहीच न स्वीकारता आपल्याच कोंडाळ्यात राहणे.
३. आपल्यापासून तुटणे आणि तेथल्यांशीही न जुळणे.
४. आपले राखून तेथलेही मनापासून स्वीकारणे.

बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा देशांतील स्थलांतरित कुटुंबांच्या पाच हजारांहून अधिक कुमारवयीन मुलांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या वाटेने जाणारी मुले एकंदरीत अधिक समाधानी असून शाळेत आणि समाजात अधिक चांगली रुळतात, असे त्यात आढळले. तिसऱ्या वाटेवरची मुले सर्वांत अडचणीत होती.

आता लग्नातला प्रसंग पुन्हा पाहा. 'दुबई नव्हे, वसई' असे म्हणून मी तिला दोहोंपैकी एक निवडायला लावत होतो. ती दोन्ही धरून चालली होती. तिचा एक हात मीच सोडवत होतो.

न घेतलेला निरोप

माझी दुसरी चूक मोठी होती. २०११ साली दहावी झाल्यावर आम्ही तिला अकरावीसाठी वसईला आजीकडे ठेवले. जाताना ती मैत्रिणींना भेटायचे म्हणत होती. मी म्हणालो, "दिवाळीत येणारच आहेस, आता कशाला?" दिवाळीपूर्वीच माझी कंपनी बंद पडली. मी आणि माझी पत्नी सामान आवरून परतलो. मुलगी त्या घरात पुन्हा कधीच गेली नाही.

तिने तक्रार केली नाही. अभ्यास करी, जेवे, विचारले तेवढेच बोले. "आपल्या गावात आली आहे, रुळेल," असे आम्ही म्हणत होतो. एके संध्याकाळी माझ्या आईला ती मागच्या पडवीत बसलेली दिसली. हातात दुबईच्या फ्लॅटची किल्ली होती. घर दुसऱ्याला गेले होते, पण तिच्या दप्तरातली किल्ली परत द्यायची राहून गेली होती. आईने तिला समजावले नाही, उपदेशही केला नाही. शेजारी बसून आमच्या बोलीत एवढेच विचारले, "तुझ्या तिकडच्या घराविषयी सांग मला. खिडकीतून काय दिसायचं?"

मुलगी रात्रीपर्यंत बोलत राहिली, अर्धे बोलीत, अर्धे हिंदीत. जे तिचा बाप दोन वर्षांत विचारू शकला नाही, ते चार इयत्ता शिकलेल्या आजीने विचारले.

अशा मुलांबरोबर अनेक वर्षे काम केलेले अमेरिकन लेखक डेव्हिड पोलॉक यांनी देश सोडताना चार गोष्टी करायला सांगितल्या आहेत. भांडण झाले असेल तर समेट करा. ज्यांनी प्रेम दिले त्यांचे आभार माना. माणसांचा, जागांचा आणि वस्तूंचाही रीतसर निरोप घ्या. आणि पुढे जेथे जायचे आहे तेथल्या दिवसांचा आधीच विचार करा. या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून 'राफ्ट' म्हणजे तराफा हा शब्द होतो. आम्ही मुलीला तराफ्यावाचून पाण्यात सोडले होते.

पवित्र शास्त्रातील दोन मुलगे

मोशे इब्री आईचा, पण फारोच्या घरात वाढला. पुढे मिद्यानात पळून गेल्यावर त्याला मुलगा झाला, तेव्हा त्याने त्याचे नाव गेर्षोम ठेवले. परक्या देशात आपण उपरे आहोत, हा अर्थ त्या नावात आहे. पित्याने आपले परकेपण लपवले नाही, त्याला नाव दिले. दुसरा तीमथ्य. त्याची आई यहुदी आणि वडील ग्रीक. त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची संत पौल आवर्जून आठवण काढतो. दोन संस्कृतींच्या घरातला हाच तरुण पौलाचा विश्वासू सहकारी झाला.

आपल्या काळातील पोप फ्रान्सिस (१९३६-२०२५) यांचेही असेच होते. त्यांचे वडील १९२९ मध्ये इटलीहून अर्जेंटिनाला गेले. लहानपणी आजी रोझा यांच्या सहवासात ते पिडमाँट प्रांताची बोली शिकले आणि आजीची आठवण त्यांनी शेवटपर्यंत जपली.

आपण काय करू शकतो?

पालकांसाठी : मूल मराठी चुकीचे बोलले तर हसू नका. ज्या भाषेत हसे होते ती भाषा मूल टाकून देते. कानाला कळत राहते, पण जिभेवरून जाते. घरातली एखादी वेळ, उदाहरणार्थ रात्रीचे जेवण, आपल्या बोलीसाठी ठेवा. परतण्याचा निर्णय मुलांना शेवटच्या आठवड्यात सांगू नका.

आजी-आजोबांसाठी : फोनवर 'जेवलीस का, अभ्यास केलास का' याच्या पुढे जा. तिच्या शाळेचे, मैत्रिणींचे, तिथल्या पावसाचे विचारा. तुमच्या लहानपणची विहीर, वाडी, भातशेती यांच्या गोष्टी सांगा. नातवंडांना मुळे याच गोष्टींतून मिळतात.

धर्मग्रामासाठी : सुट्टीवर आलेल्या मुलांना पाहुणे समजून बाजूला बसवू नका. गायनमंडळात, युवक मंडळात त्यांना काम द्या. 'तुमच्या तिथं किती छान असेल नाही?' असे म्हणून त्यांना वेगळे पाडू नका.

माझी मुलगी आज तिशीत आहे. कोणी 'कुठली?' असे विचारले तर ती एका दमात सांगते, "वसईची, दुबईत वाढलेली." ती किल्ली अजून तिच्या कपाटात आहे. मी ती टाकून दे असे म्हणत नाही. मागच्या वर्षी प्रथमच मी तिला विचारले, "खिडकीतून काय दिसायचं गं?" ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण तिथंच राहत होता ना?" खरे आहे. राहत होतो, पण त्या खिडकीपाशी तिच्याबरोबर कधी उभा राहिलो नव्हतो.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या नात्यातील परदेशी वाढणाऱ्या एका मुलाशी किंवा मुलीशी आपण शेवटचे मनमोकळे कधी बोललो?
२. आपल्या घरात मुलांच्या बोलण्याला हसण्याची सवय आहे काय?
३. शाळा, घर किंवा गाव बदलताना आपण मुलांना निरोप घेऊ दिला का?
४. या आठवड्यात आपण कोणाला फोन करणार आणि काय विचारणार?