ओढ्याचे पाणी आणि विहिरीचा तळ

आमच्या गावचा ओढा वर्षातून मोजके दिवसच वाहतो. एरवी त्यात वाळू, वेड्या बाभळी आणि चरणारी शेरडे. सांगोला तालुका पर्जन्यछायेतला. मृग बहुधा हूल देतो आणि खरा भरवसा परतीच्या पावसावर. एखाद्या रात्री हस्त बरसला की ओढा दुथडी भरून येतो. सकाळी पाहावे तर पाणी माण नदीकडे निघून गेलेले असते आणि काठावर नुसता काडीकचरा अडकलेला असतो. हे पाणी अडवून जमिनीत मुरवावे, म्हणजे विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरेल, ही गोष्ट सांगायला फार सोपी आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी वर्षभर आमच्या ओढ्यावरचा सिमेंटचा बंधारा आणि त्याच्या जवळच्या विहिरी पाहिल्या. त्यातून जे समजले ते येथे मांडतो. काही भाग घरच्या अडचणीचा आहे. पण तो वगळला तर बाकीचे खोटे ठरेल.

प्रथम जमिनीविषयी. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्ट खडकाचा. लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो झाला. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कोठे भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या खडक, तर कोठे अखंड काळा पाषाण. मुरुमात आणि भेगाळ मांजऱ्यात पाणी शिरते. काळ्या पाषाणात भेग नसेल तर थेंबही शिरत नाही. विहीर खणणाऱ्या वडारांना हे आमच्या पाठ्यपुस्तकाच्या आधीपासून ठाऊक आहे.

आता एक हिशेब. बेसाल्टच्या पाणी धरणाऱ्या थरातून उपसता येण्याजोगे पाणी त्याच्या आकारमानाच्या अवघे १ ते ३ टक्के असते. मधला आकडा २ धरू. एक हेक्टर क्षेत्राखाली पाण्याची पातळी एक मीटर चढली, तर प्रत्यक्षात वाढलेले पाणी २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. सेकंदाला ५ लिटर पाणी फेकणारा पंप ते सुमारे अकरा तासांत संपवतो. विहिरीत मीटरभर पाणी चढलेले पाहून आपण हरखतो, पण तेवढ्या चढाला जमिनीत मुरलेले दोन सेंटिमीटर पाणी पुरे होते. थोड्या पाण्याने विहीर भरते आणि थोड्याच उपशाने ती रिकामी होते. हा हिशेब सरांनी फळ्यावर करून दाखवला, तेव्हा मला आमचा बंधारा पहिल्यांदा नीट कळला.

ओढे-नाले अडवण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात कामावर गेलेल्या माणसांनी ठिकठिकाणी पाझर तलाव बांधले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि त्या योजनेतून ही कामे पुढे चालू राहिली. पाझर तलावाचे नावच त्याचे काम सांगते. तो झिरपावा म्हणूनच बांधायचा. आमच्या गावात मात्र उलटे झाले. बंधाऱ्यात पहिल्या वर्षी साठलेले पाणी लवकर आटले, तेव्हा लोक म्हणाले, काम कच्चे आहे. पुढे गाळ बसला, पाणी अधिक दिवस दिसू लागले आणि सारे खूश झाले. वास्तविक बारीक गाळाने तळाची छिद्रे बुजली होती. पाणी मुरायचे थांबून उन्हाने उडत होते. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकला, त्यानंतरच्या पावसात पाणी पुन्हा लवकर आटले आणि आमच्या विहिरीने उसासा टाकला. तळ्यातले पाणी डोळ्यांना दिसते, जमिनीतले दिसत नाही. म्हणून हा गैरसमज होत असावा.

आमची विहीर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, मुरूम आणि मांजऱ्यात आहे. थोरल्या चुलत्यांची, तात्यांची, विहीर वरच्या अंगाला आणि जवळजवळ सगळी काळ्या पाषाणात. बंधाऱ्याच्या भिंतीसाठी काठाची जमीन दिली तात्यांनी. मी सुतळीला दगड बांधून, हाताहातावर गाठी मारून, दर पंधरवड्याला दोन्ही विहिरी मोजल्या. आमची चढली, तात्यांची जागची हलली नाही. एकदा मला गाठी मोजताना पाहून ते म्हणाले, "वढा माझ्या बांधाला, आन् पानी तुमच्या हिरीला. लिही वहीत."

मी लिहिले. त्यांना खडकाचे थर समजावून सांगण्याचा प्रयत्नही केला. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर खडकात नव्हते.

शिरपूरचे काम पुष्कळांनी ऐकले आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून तेथे नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांची साखळी उभी केली. परंतु त्या तालुक्याच्या मोठ्या भागात तापीच्या गाळाची जमीन आहे. वरचा चिकणमातीचा थर फोडला की खाली पाणी घेणारे थर लागतात. आमच्याकडे काळ्या पाषाणात तेवढे खोल उकरून काय मिळणार? उलट नाल्याचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाण्याखाली गेला, तर विहिरींचेच पाणी नाल्यात उतरते. मला हिवरे बाजारची गोष्ट अधिक जवळची वाटते. तेथे पाणी अडवलेच, पण शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले आणि पावसाच्या मानाने पिकांचा हिशेब मांडायची प्रथा घातली.

आमच्या गावात पाणी चढले तसे डाळिंब वाढले आणि डाळिंबामागून बोअरची गाडी आली. बंधाऱ्याखाली तीन बोअर झाल्या. तिसरी आमची, चारशे फुटांची. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, वा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे, हे मला प्रकल्प लिहिताना कळले. आबांना सांगितले, तर ते म्हणाले, "शेजारच्यानं घेतल्यावर आपली बाग वाळू द्यायची का?" त्या बागेच्या पैशावर माझी फी भरली आहे, त्यामुळे मी पुढे बोललो नाही. पूर्वी होळीपर्यंत पाणी असणारी आमची विहीर यंदा संक्रांतीनंतर लवकरच तळाला गेली. भेगांचा संबंध असेल तर खोल बोअर वरच्या विहिरीचे पाणी ओढून घेते. तसेच येथे झाले असावे, असे सरांचे मत पडले.

पंधरवड्याची मोजणी अजून चालू आहे. ग्रामसभेत माझी वही वाचून दाखवावी, असे तात्यांनी सुचवले आहे आणि आबांनी त्याला हो किंवा नाही म्हटलेले नाही. वहीत दोन्ही विहिरींचे आकडे शेजारी शेजारी आहेत. तिसरा रकाना मी बोअरसाठी आखला होता. तो कोरा राहिला, कारण पंप सोडलेल्या बोअरमध्ये माझी सुतळी उतरत नाही.