तंबाखू : वनस्पती, तिचे उपयोग आणि सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया

सोलापूरची ओळख उभ्या महाराष्ट्राला चादरीमुळे आहे. परंतु शहराच्या पूर्व भागातील वस्त्यांतून जाताना मागाच्या खडखडाटाबरोबर आणखी एक दृश्य नजरेस पडते. उंबऱ्याशी, ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या स्त्रिया विड्या वळीत असतात. पुरुष मागावर आणि स्त्री सुपाशी, ही येथील पद्मशाली व इतर श्रमिक कुटुंबांची कित्येक पिढ्यांची रीत आहे. या स्त्रियांची संख्या साठ ते सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. विशेष असे की, ज्वारीच्या या जिल्ह्यात ना तंबाखूचे मोठे पीक, ना तेंदूची जंगले. तंबाखू येते निपाणीच्या पट्ट्यातून व गुजरातच्या चरोतर भागातून; पाने येतात विदर्भातील आणि शेजारच्या राज्यांतील वनांतून. सोलापूर देते ते केवळ हातांचे कसब.

ज्या वनस्पतीवर इतक्या चुली अवलंबून आहेत, तिच्यापासून समाजाला परावृत्त करण्याचे कामही शासन, शाळा आणि पंचायत यांच्याकडेच आहे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी कशी पार पाडावीत, हे पाहण्यापूर्वी त्या वनस्पतीचा परिचय करून घेणे अगत्याचे ठरेल.

वनस्पतीची ओळख

वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा आणि धोतरा यांच्या कुळात तंबाखूचा समावेश होतो. तिचे मूळस्थान अमेरिका खंड. निकोटियाना टॅबॅकम आणि निकोटियाना रस्टिका या तिच्या दोन जाती लागवडीत आहेत. यांतील पहिलीचे क्षेत्र अधिक असून विडीची तंबाखूही तीच. पोर्तुगालमधील फ्रेंच वकील झाँ निको याने सोळाव्या शतकात ही वनस्पती फ्रान्सच्या दरबारी पोहोचविली. त्याच्या नावावरून वनस्पतीस व तिच्यातील निकोटीन या द्रव्यास नाव मिळाले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तंबाखू आणली पोर्तुगीजांनी. सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या दरबारात ती लवकरच रुजली. अकबराचा दूत असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापुराहून नेऊन बादशहापुढे ठेवली. पुढे १६१७ साली जहांगिराने तिच्या सेवनावर बंदी घातली. परंतु एव्हाना सवय लोकांत पसरली होती. तंबाखूच्या हानीची जाणीव आणि तिचा प्रसार हे दोन्ही या देशात चारशे वर्षे सोबतच चालत आले आहेत.

तंबाखूचे बी अतिशय बारीक असते; एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बिया मावतात. त्यामुळे रोपवाटिकेत रोपे वाढवूनच लावणी करावी लागते. फुलावर येताच झाडाचा शेंडा खुडतात आणि बगलेतील फूट वेळोवेळी काढून टाकतात. निकोटीन तयार होते मुळांत व साठते पानांत. शेंडा खुडल्याने झाडाची शक्ती फुला-बियांकडे न जाता पानांकडे वळते आणि पानांतील निकोटीनचे प्रमाण वाढते. विडीची तंबाखू उन्हात वाळवितात.

विविध उपयोग

तंबाखूचा सर्वाधिक वापर सेवनासाठी होतो. विडी, सिगारेट, हुक्का, चघळण्याची तंबाखू, तपकीर आणि मिश्री हे त्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत. तंबाखू भाजून केलेली मिश्री महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दंतमंजन म्हणून वापरली जाते. ती औषधी असल्याचा समज निराधार असून दात घासण्याच्या निमित्ताने व्यसन जडते.

सेवनाव्यतिरिक्त या वनस्पतीचे इतरही उपयोग आहेत. मावा व तत्सम रसशोषक किडींवर तंबाखूच्या काढ्याची फवारणी शेतकरी पूर्वापार करीत आले आहेत. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून बाजारातही मिळत असे. परंतु ते अतिविषारी असल्याने १९९२ साली देशात त्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली. काढा घरी केलेला असला, तरी निकोटीन कातडीतून शरीरात शिरते, हे विसरून चालणार नाही. ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर व उलट्यांचा त्रास होतो, त्याचे कारण हेच.

तंबाखूच्या बियांत निकोटीन नसते व तेलाचे प्रमाण चांगले असते. पानांतून सोलॅनेसॉल नावाचे द्रव्य मिळते. त्यापासून औषधनिर्मितीस उपयुक्त संयुगे तयार करतात. विज्ञानावर तर या झाडाचे ऋण मोठेच आहे. तंबाखूच्या पानांवरील केवडा रोगाचा अभ्यास करताना इव्हानोव्स्की (१८९२) आणि बायेरिंक (१८९८) यांच्या प्रयोगांतून विषाणू ही कल्पना जगापुढे आली. हाच विषाणू टोमॅटो व मिरचीलाही बाधतो. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना स्पर्श केल्यास तो रोपवाटिकेत शिरू शकतो. म्हणून हात साबणाने धुऊनच रोपे हाताळावीत. १९४७ साली राजमहेंद्री येथे केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली व या पिकाच्या शास्त्रीय अभ्यासास चालना मिळाली.

पानापासून विडीपर्यंत

विडीचे वेष्टन म्हणजे टेंभुर्णीचे, अर्थात तेंदूचे पान. उन्हाळ्यात विदर्भातील आदिवासी कुटुंबे ते गोळा करतात. वन हक्क कायदा, २००६ आणि पेसा यांच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आता तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करतात. अशा रीतीने एका विडीत शेतकरी, आदिवासी आणि शहरातील कामगार स्त्री अशा तिघांचे श्रम एकत्र येतात.

सोलापुरात कारखान्यातून पाने, तंबाखू व दोरा घेऊन स्त्रिया घरी येतात. पाने भिजवून मऊ करावयाची, नमुना ठेवून कात्रीने कापावयाची, चिमूटभर तंबाखू पसरून वळावयाची, टोके दुमडावयाची आणि दोऱ्याने बांधावयाची, असा हा क्रम. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर होतो. दहा तासांत हजार विड्या वळावयाच्या म्हणजे दर छत्तीस सेकंदांना एक! वळलेला माल कारखान्यात तपासला जातो. त्यातील नापास विड्यांची मजुरी मिळत नसल्याने हा या व्यवसायातील जुना वादाचा विषय आहे.

घरी बसून काम करणारी स्त्री ही कामगार आहे काय, हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला होता. विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ अन्वये घरखेप कामगारांना संरक्षण मिळाले. विडी उद्योगास १९७७ साली भविष्य निर्वाह निधी लागू झाला आणि घरी काम करणारे कामगारही त्यास पात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. १९७६ च्या कायद्यांनी विड्यांवरील उपकरातून कल्याण निधी उभा राहिला. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ साली तो उपकर संपुष्टात आला. १९६६ च्या अधिनियमाची जागा आता कामगार संहितांनी घेतली असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या आहेत.

या कामगारांच्या संघटित प्रयत्नांचे एक ठळक फळ दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे पाहावयास मिळते. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची सहकारी वसाहत तेथे उभी राहिली व २००६ साली तिचे लोकार्पण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला; त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द करण्यात आली.

आरोग्याचा प्रश्न

विडी पानात गुंडाळलेली असल्याने सौम्य असते, हा समज चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते; विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन व डांबर शरीरात भरपूर जाते. तंबाखूचे धूम्रपान व धूरविरहित सेवन, दोन्ही कर्करोगास कारणीभूत असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजेच राज्यापुढील मुख्य संकट धुराचे नसून चघळण्याच्या व घासण्याच्या तंबाखूचे आहे.

विडी वळणाऱ्या स्त्रीने आयुष्यात एकही झुरका घेतलेला नसला, तरी तंबाखूची धूळ तिच्या श्वासात आणि घरातल्या लेकरांच्याही श्वासात जाते. काम उघड्या हवेशीर जागी करणे, नाका-तोंडावर फडके बांधणे, स्वयंपाकापूर्वी हात स्वच्छ धुणे आणि लहान मुलांना सुपापासून दूर ठेवणे हे साधे उपाय घराघरांत पोहोचले पाहिजेत.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

२००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करता येत नाही व अठरा वर्षांखालील व्यक्तीस ते विकता येत नाहीत. राज्यात सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे. या तरतुदींची अंमलबजावणी निर्धाराने व्हावयास हवी. मात्र वर्गात तंबाखूचा धडा शिकविताना समोर बसलेल्या मुलीची आई विड्या वळून तिची फी भरीत असेल, याचे भान शिक्षकांनी ठेवावे. निषेध व्यसनाचा करावयाचा, श्रमाचा नव्हे.

भारताने २००४ साली मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारातही तंबाखूवर उपजीविका करणाऱ्यांना पर्यायी व्यवसाय देण्याचे कलम आहे. तंबाखूचा खप घटावा हे योग्यच; परंतु त्याचा पहिला फटका सुपाशी बसलेल्या स्त्रीला बसता कामा नये. कामगाराचे ओळखपत्र, निर्वाह निधीतील नोंद आणि विडी कामगारांच्या पाल्यांसाठी असलेली केंद्रीय शिष्यवृत्ती यांपासून एकही पात्र कुटुंब वंचित राहू नये, हे पाहणे स्थानिक कार्यकर्त्यांच्या हाती आहे. शिवणकाम, तयार कपडे, खाद्यपदार्थ यांसारखे घरबसल्या करता येणारे पर्याय विडीइतका रोजचा रोख पैसा देऊ शकले, तरच ते टिकतील. सोलापूरच्या या स्त्रियांच्या बोटांत वेग, नेटकेपणा आणि चिकाटी आहे. त्या बोटांना दुसरे काम मिळेल आणि त्यांच्या मुली शाळेत टिकून राहतील, तेव्हा तंबाखूमुक्तीचा संकल्प खऱ्या अर्थाने पूर्णत्वास जाईल.