अपुऱ्या खेळाचें मोल



अर्धवट शिवलेला सदरा शिंपी गिऱ्हाइकास देत नाहीं, कीं कच्चें मडकें कुंभार बाजारांत मांडीत नाहीं. असें असतां संगणकावरील खेळांच्या बाजारांत मात्र अपुरी वस्तु उघडपणें विकावयास ठेविली जाते, आणि असंख्य लोक ती जाणूनबुजून विकत घेतात. या प्रकारास 'अर्ली ॲक्सेस' असें म्हणतात. मराठींत त्यास 'आगाऊ प्रवेश' म्हणतां येईल. वरच्या वर्गांतील कित्येक मुलांनीं अशा खेळांसाठीं घरीं पैसे मागितले, आणि हा व्यवहार सचोटीचा कीं फसवणुकीचा, असें पालक आम्हां शिक्षकांस विचारूं लागले. प्रश्न खेळाचा दिसत असला तरी तो वस्तुतः वचनाचा आहे. म्हणून त्याचा विचार येथें पाठाच्या रीतीनें करण्याचें योजिलें आहे.

१. व्यवहाराचें स्वरूप

पूर्वीं असे खेळ तबकडीवर भरून दुकानांत येत. एकदां विकल्यावर त्यांत फेरफार करणें फार कठीण असे. म्हणून खेळ पुरा करूनच विकावा लागे. इंटरनेटमुळें ही अडचण उरली नाहीं. आज विकलेल्या खेळांत कर्त्यास उद्यां दुरुस्ती करितां येते, व ती प्रत्येक ग्राहकास घरबसल्या पोंचते. स्वीडनमधील मार्कुस पेर्सोन यांनीं २००९ सालीं 'माइनक्राफ्ट' हा खेळ बाल्यावस्थेंत असतांनाच कमी किमतीस विकावयास आरंभ केला, आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजीं तो पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. पुढें व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या 'स्टीम' नामक विक्रीकेंद्रानें मार्च २०१३ मध्यें १२ खेळ घेऊन 'अर्ली ॲक्सेस' हें स्वतंत्र दालनच उघडलें, आणि ही चाल सर्वत्र रूढ झाली.

हा व्यवहार दुसऱ्या दोन व्यवहारांहून निराळा आहे, हें ध्यानांत ठेवावें. आगाऊ मागणी नोंदविली असतां ठरल्या दिवशीं पुरी वस्तु मिळावयाची असते. एखाद्या संकल्पास वर्गणी दिली असतां त्या वेळीं हातीं कांहींच येत नाहीं. येथें मात्र कांहीं तरी आज मिळतें, आणि बाकीचें मागाहून मिळेल अशी अपेक्षा असते. म्हणजे पैसे देणारा एकाच वेळीं दोन गोष्टी घेतो : हातीं आलेला खेळ, आणि पुढें होणाऱ्या खेळाची आशा. या दोहोंची गल्लत हेंच बहुतेक तंट्यांचें मूळ होय.

२. कल्पना अगदीं नवी नाहीं

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चें काम १९१६ च्या सुमारास मंडळ स्थापून हातीं घेतलें, तेव्हां दाखवावयास ग्रंथ नव्हता. होती ती केवळ योजना. तरी तीवर विश्वास ठेवून साह्य करणारे लोक पुढें आले. खंड एकामागून एक बाहेर पडले, आणि सुमारें बारा वर्षांच्या श्रमानें तेवीस खंडांचें तें काम तडीस गेलें. पुढें केतकरांनीं मंडळाचा इतिहासहि लिहून लोकांपुढें ठेविला. तेव्हां चालू असलेल्या कामासाठीं पैसे घेणें हें स्वतः वाईट नव्हे. घेतलेल्या पैशाचा जाब आपणांस द्यावयाचा आहे, हें विसरणें वाईट.

घर बांधून होण्यापूर्वीं विकण्याची चालहि आपल्या शहरांत आहेच. त्यांत पुष्कळांचे पैसे अडकल्यामुळें २०१६ सालीं आपल्या देशांत कायदा झाला, आणि घेणारांकडून आलेल्या रकमेपैकीं ७० टक्के रक्कम त्याच कामासाठीं निराळ्या खात्यांत ठेवण्याचें बंधन बांधणारांवर आलें. खेळांच्या बाबतींत असें बंधन नाहीं. आलेला पैसा कर्ता त्याच खेळावर खर्च करील कीं नाहीं, हें सर्वस्वीं त्याच्या सचोटीवर अवलंबून राहतें.

३. वचन पाळल्याचें उदाहरण

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा खेळ मेक्सिको शहरांतील 'स्क्वॉड' या कंपनीनें केला. त्याची कल्पना फेलिपे फालांगे यांची. त्यांत खेळणारानें स्वतः अग्निबाण जुळवून गतिशास्त्राच्या नियमांस अनुसरून तो आकाशांत न्यावयाचा असतो. जून २०११ मध्यें पहिली सार्वजनिक आवृत्ति विनामूल्य देण्यांत आली, तेव्हां त्यांत जाण्याजोगा चंद्रहि नव्हता. चंद्र त्याच वर्षीं आला. इतर ग्रह मागाहून आले. पुढें अल्प किंमत ठरली, आणि खेळ जसजसा भरत गेला तसतशी तीहि वाढत गेली. एप्रिल २०१४ मध्यें 'नासा' या अमेरिकन अवकाशसंस्थेच्या सहकार्यानें त्यांत लघुग्रहांची भर पडली, आणि २७ एप्रिल २०१५ रोजीं पूर्ण आवृत्ति निघाली.

याहूनहि बोधप्रद गोष्ट पुढची आहे. पुढील सर्व सुधारणा विनामूल्य मिळतील, असें आरंभींच्या ग्राहकांस सांगण्यांत आलें होतें. २०१३ सालीं स्वतंत्र किमतीच्या पुरवण्या काढण्याची गोष्ट निघाली, तेव्हां सुधारणा कोणती व पुरवणी कोणती, असा वाद माजला. अखेर एप्रिल २०१३ संपेपर्यंत ज्यांनीं खेळ घेतला त्यांस पुरवण्याहि विनामूल्य देण्याचें कंपनीनें कबूल केलें. २०१७ सालीं खेळाची मालकी टेक-टू या अमेरिकन कंपनीकडे गेली. तरी मार्च २०१८ मध्यें पहिली पुरवणी बाहेर पडली तेव्हां त्या जुन्या ग्राहकांस ती खरोखरच फुकट मिळाली. मध्यें पांच वर्षें गेलीं होतीं आणि मालक बदलला होता; पण दिलेला शब्द बदलला नाहीं.

४. आशा भंगल्याचें उदाहरण

याच खेळाचा दुसरा भाग २०१९ सालीं जाहीर झाला. तो २०२० मध्यें यावयाचा होता. तारीख वारंवार पुढें गेली, आणि शेवटीं २४ फेब्रुवारी २०२३ रोजीं तो अपुऱ्या स्थितींतच विक्रीस निघाला. किंमत सुमारें ५० डॉलर, म्हणजे पहिल्या पूर्ण झालेल्या खेळाहून अधिक. दोष पुष्कळ होते; चांगल्या यंत्रावरहि तो रखडत चाले; पहिल्या भागांतील शास्त्रीय संशोधनाचें अंगहि त्यांत अद्याप नव्हतें. पुढें काय काय येणार याची यादी मात्र मोठी होती : परग्रहांवरील वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत प्रवास, अनेकांनीं मिळून खेळणें.

डिसेंबर २०२३ मध्यें संशोधनाचें अंग आलें आणि लोकांच्या आशेस पालवी फुटली. परंतु २०२४ सालीं टेक-टू कंपनीनें नोकरकपात केली. सीॲटल येथील ज्या कार्यालयांत हा खेळ तयार होत होता तें बंद पडलें, आणि काम थांबलें. वसाहती आल्या नाहींत, दुसरे ताऱेहि आले नाहींत. खेळ मात्र त्यानंतरहि विक्रीस राहिला, आणि पुढें काय होणार हें घेणारांस दीर्घकाळ स्पष्ट कळलें नाहीं.

येथें एक विवेक करावा. ज्यांनीं तो खेळ रचिला त्यांच्या तर नोकऱ्याच गेल्या. त्यांस लबाड म्हणणें अन्याय्य होईल. काम थांबविण्याचा अधिकारहि मालकास असतो. दोष आहे तो दुसऱ्या ठिकाणीं. पहिल्या खेळाच्या वेळीं किंमत हातच्या वस्तूबरोबर वाढत गेली; दुसऱ्याच्या वेळीं ती होणाऱ्या वस्तूची म्हणून आधींच घेतली गेली. वस्तु झाली नाहीं, तेव्हां सारा तोटा घेणाराच्या पदरांत पडला.

५. विकणाराचें कर्तव्य

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब केला नाहीं, तर पाया घालून काम अडतें आणि पाहणारे त्यास हंसतात, असें प्रभु येशू सांगतो. दृष्टांतांतील मनुष्य स्वतःचेंच द्रव्य गमावतो. येथें तर पाया दुसऱ्याच्या द्रव्यानें घातलेला असतो. म्हणून आमच्या खेळकर्त्यावर हिशेबाची जबाबदारी अधिकच आहे. विक्री फारशी झाली नाहीं तर ज्यास खेळ पुरा करितां येणार नाहीं, त्यानें या दालनांत येऊंच नये, आणि पुढच्या गोष्टींचीं ठाम वचनें देऊं नयेत, असा उपदेश 'स्टीम'हि कर्त्यांस करितें.

'स्पेसबेस डीएफ-९' हा खेळ ऑक्टोबर २०१३ मध्यें अशा रीतीनें निघाला. विक्रींतून खर्च भागेना, म्हणून 'डबल फाइन' कंपनीनें वर्षभरांतच काम आटोपतें घेतलें, आणि योजिलेल्या पुष्कळ गोष्टी राहून गेल्या. कंपनीनें कारण उघड सांगितलें व खेळाची मूळ संहिता लोकांस खुली केली, हें तिच्या बाजूनें म्हटलें पाहिजे. तरी बुरूज अर्धाच राहिला.

तात्पर्य, विकणारानें तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, आजची स्थिति खरी सांगावी. दुसरी, किंमत हातच्या वस्तूच्या मानानें घ्यावी. अधिक घेतल्यास तसें बजावावें. बेल्जियममधील 'लारियन' कंपनीनें ऑक्टोबर २०२० मध्यें 'बाल्डर्स गेट ३' पूर्ण किमतीस विकला, पण त्यांत केवळ पहिला अंक आहे हें लपविलें नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें तिनें तो पुरा करून दिला. तिसरी, काम थांबल्यास तें तत्काळ सांगावें, आणि विक्रीहि थांबवावी.

६. घेणाराचें कर्तव्य

घेणारानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हा खेळ आज आहे तसाच कायम राहिला, तर दिलेल्या पैशांबद्दल मला समाधान वाटेल काय? उत्तर 'नाहीं' असें आल्यास थांबावें. 'स्टीम'वर अशा प्रत्येक खेळाच्या पानावर हाच इशारा असतो. शिवाय, खेळ पुरा होण्यास किती काळ लागेल, आज त्यांत काय आहे, पुढें किंमत वाढेल काय, या प्रश्नांस कर्त्यानें दिलेलीं उत्तरें तेथें छापलेलीं असतात, तीं वाचावीं. शेवटची सुधारणा केव्हां झाली तें पाहावें. दीर्घकाळ सुधारणा न झालेल्या खेळांच्या पानांवर तशी सूचना देण्याची पद्धतहि २०२५ पासून तेथें सुरू झाली. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आंत, आणि दोन तासांहून कमी खेळलें असल्यास, पैसे परत मागतां येतात.

घेतल्यानंतरहि कांहीं कर्तव्यें उरतात. विलंब, अपयश आणि लबाडी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मे २०१४ मध्यें 'अर्थ : इयर २०६६' या खेळाचें वर्णन खोटें आढळल्यावरून 'स्टीम'नें तो काढून टाकला व लोकांस पैसे परत दिले, ती लबाडी. परंतु एखादी सुधारणा महिनाभर लांबली म्हणून कर्त्यास शिवीगाळ करणें, हें बाजारांत तुरी असतां घरांत भांडण मांडण्यासारखें आहे. दोष दिसल्यास तो नीट शब्दांत कळवावा. अपुऱ्या खेळांत आपणांस बोलाविलें तें त्यासाठींच. 'हेडीज' हा खेळ डिसेंबर २०१८ पासून सप्टेंबर २०२० पर्यंत अशा सूचना घेत घेतच पूर्णत्वास गेला.

७. पालकांस विनंति

१८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील मुलाचा करार आपल्याकडे ग्राह्य धरला जात नाहीं. पैसे आपल्या खात्यांतून जातात, म्हणजे जबाबदारी आपलीच. तरी खेळ म्हटला कीं उधळपट्टी, असें समजून विषय तोडूं नये. आणि मूल रुसलें म्हणून न पाहतां पैसेहि देऊं नयेत. त्याच्याजवळ बसून वरील प्रश्न त्यास विचारावा, आणि उत्तर त्यालाच शोधूं द्यावें. दुसऱ्याच्या वचनाची पारख करावयास शिकलेलें मूल स्वतः वचन देतांनाहि आधीं हिशेब करील. परीक्षेनंतर देऊं, सुट्टींत नेऊं, अशीं वचनें आपणहि घरीं देत असतों; तीं तें मूल त्याच मापानें मोजील, हेंहि आपण लक्षांत ठेवावें.

विचारार्थ प्रश्न

(१) हातची वस्तु आणि तिच्याबरोबर दिलेलें वचन, यांतील भेद तुमच्या नित्याच्या व्यवहारांतील एका उदाहरणानें स्पष्ट करा.

(२) पैसे घेतल्यावर काम पुरें करणें अशक्य झालें, तर प्रामाणिक मनुष्यानें कोणत्या क्रमानें काय करावें?

(३) विलंब, अपयश आणि लबाडी हीं ओळखण्याच्या खुणा लिहा.

(४) तुम्हीं या वर्षीं कोणास दिलेलें कोणतें वचन अद्याप अपुरें आहे? याचें उत्तर वहींत लिहूं नये. ज्यास वचन दिलें त्याच्याकडे जाऊन द्यावें.