फोनवर बोलून मन हलकं होतं का?

प्रश्न : वय ४१. यजमानांचा कांद्याचा व्यापार, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दहावीला. हल्ली झोप लागत नाही, मुलावर उगीच ओरडते आणि मग रडू येतं. भाची म्हणते, मोबाइलवरून समुपदेशन घे. फोनवर बोलून काय होणार? लोक वेडी म्हणतील ते वेगळंच.
– एक गृहिणी, लोणंद

उत्तर : ताई, हे वेड नव्हे, ताण आहे. चिंता आणि सौम्य नैराश्यात फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. लोकांना कळण्याचा प्रश्नच नाही; लोणंदमध्ये कुणाच्या दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही.

सुरुवात फुकटात करा. १४४१६ ही सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास सुरू आहे. मराठीतही बोलता येतं. पैसे देऊन खासगी तज्ज्ञ घेणार असाल, तर शिक्षण आधी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. ‘तीन दिवसांत टेन्शन गायब’ म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका.

खरी अडचण घरातल्या कानांची असते. यजमान बाजारात आणि मुलगा शाळेत असताना, सासूबाईंचा डोळा लागला की इयरफोन लावून गच्चीवर बसा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा तपासा. चिडचिडीचं मूळ कधी तिथेही सापडतं.

मात्र जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर फोनवर विसंबून राहू नका. घरच्यांना लगेच सांगा आणि साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय गाठा. तशी वेळ नसली, तरी पहिला फोन या आठवड्यातच करा.